सरासरीहून जास्त

शनिवारी पाकिटं वाटून होईपर्यंत भांडायचं नाही, असा घरच्या जमीन-मोजणी कचेरीत वडिलांच्या वेळेपासूनचा दंडक होता. वाटून झाल्यावर कुणी कितीही भांडावं, कुणाची हरकत नसे. वडील जाऊन इतकी वर्षं झाली तरी सगळे तो पाळत आले होते. त्या शनिवारी तो मोडला, आणि मोडला तो नकाशेवाल्यांच्या वर्तमानपत्रामुळे.

नकाशेवाले म्हणजे थोरले भाऊ. वडिलांनी कचेरी त्यांना डावलून धाकट्या बहिणीच्या हाती दिली, तेव्हा त्यांनी वर्षभर तिच्याशी अबोला धरला होता. मग एक दिवस उतरत्या टेबलाशी बसून नकाशे काढायला लागले आणि इतके रमले, की आता कुणी कचेरी फुकट देऊ केली असती तरी त्यांनी हात जोडले असते.

"ऐका," ते चष्मा कपाळावर चढवत म्हणाले, "व्यावसायिक सेवांमध्ये काम करणाऱ्या माणसाची आठवड्याची सरासरी कमाई." आणि त्यांनी आकडा वाचला.

खिडकीशी त्यांचा मुलगा मोजणी-यंत्राच्या तिपाईच्या पायांवरचा चिखल खरवडत बसला होता. लहानपणी शाळा बुडवून तो आत्यामागे मोजणीची उंच दांडी धरून उभा राहायचा, तेव्हापासून त्याला दांड्या म्हणत. नाव दोन्ही अर्थांनी बसलं होतं. त्याचा हात थांबला.

"बाबा, परत वाचा."

त्यांनी परत वाचला. आकडा तेवढाच होता.

"हे तर आपल्या पाकिटाच्या दुप्पट झालं!"

"त्यात धरलेत कोण कोण?" सूनबाईने संगणकावरची नजर न काढता विचारलं. घरात येऊन तिला दोन वर्षं झाली होती. मोजणीची नवी यंत्रं फक्त तिलाच नीट चालवता येत होती.

"वकील, हिशेबतपासनीस, वास्तुरचनाकार, सल्लागार, आपण..." नकाशेवाल्यांनी बोट खाली सरकवलं. "साफसफाईच्या कंपन्या, इमारतींचे पहारेकरी."

"म्हणजे पहारेकरी धरूनसुद्धा दुप्पट?" दांड्या म्हणाला. "शिट्टी घेऊन उभा राहिलो असतो तर बरं झालं असतं."

"तुला उभं राहायला तरी कुणी ठेवलं असतं?" दारातून आवाज आला. मोजणीबाई आत आल्या. कचेरीच्या मालकीणबाई, नकाशेवाल्यांची धाकटी बहीण, दांड्याची आत्या. बुटांना शेतातली माती, डोक्यावर रुंद काठाची टोपी. "आणि सरासरीचं काय घेऊन बसलात? आपल्या रस्त्याच्या एका टोकाला सात मजली इमारत आहे, दुसऱ्या टोकाला तिच्याएवढा खड्डा. दोन्हींची सरासरी काढ, सपाट मैदान मिळेल. जा, खेळ जाऊन."

सगळे हसले. मोजणीबाई मात्र हसल्या नाहीत, आणि हे नकाशेवाल्यांच्या लक्षात आलं.

कारण त्यांना माहीत होतं. मंगळवारी दुपारी, एरवी फोन घेणारी वहिनी बँकेत गेली असताना मोजणीबाईंनी फोन उचलला होता. चौकातल्या त्या काचेच्या इमारतीतल्या बड्या सल्लागार कंपनीचा व्यवस्थापक बोलत होता. "तुमच्या कचेरीतल्या बाईंशी बोलायचं होतं. जरा खाजगी आहे."

"कोणत्या बाई? मीही बाईच आहे."

"नाही नाही, तुम्ही नाही," तो इतक्या घाईने म्हणाला होता की मोजणीबाईंना राग यायचाही राहून गेला. त्याने नंतर करतो म्हणून फोन ठेवला. त्या मात्र चार दिवस त्याच एका विचारात होत्या. सूनबाई गेली तर नदीकाठचं मोठं काम हातचं जाणार. नव्या यंत्राला त्यांनी स्वतः हात लावला की ते मांजरासारखं अंग चोरायचं. शेवटी शुक्रवारी त्या भावाच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. "दादा, पोरीचं पाकीट वाढवावं लागेल."

"वडिलांचा नियम?"

"वडिलांना काचेची इमारत माहीत नव्हती."

नियम साधा होता. कचेरीत जो कामाला हात लावील त्याला दर आठवड्याला सारखंच पाकीट, लहान-मोठा भेद नाही. वडील आणि त्यांचे भाऊ वाट्यावरून जन्माचे वैरी झाले, त्यानंतर वडिलांनी हा नियम केला होता. तो मोडणं दोघांच्याही जिवावर आलं होतं. पण दोघांनी ठरवलं होतं, की शनिवारी, पाकिटं वाटून झाल्यावर, गोडीत सांगायचं. आता वर्तमानपत्राने सगळा बेत उघड्यावर आणला.

"बरं, निघालाच आहे विषय तर," मोजणीबाईंनी टोपी काढून खुंटीला अडकवली. "दादाचं आणि माझं ठरलंय. या आठवड्यापासून सूनबाईचं पाकीट दीडपट."

दांड्याच्या हातातली तिपाई आडवी झाली. "आणि माझं?"

"तुझं आहे तेवढंच."

"वा! आत्या, मी चिखलात गुडघाभर उभा असतो. ही गाडीत बसून बटणं दाबते."

"तू उभा असतोस ते चुकीच्या जागी असतोस, म्हणून बटणं दाबायला वेळ लागतो," सूनबाई म्हणाली. पण तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती खुर्ची वळवून मोजणीबाईंकडे बघत होती. "आत्या, अचानक का?"

"अगं, तू शिकलेली, परवान्याची. बाहेर तुला काय मिळेल ते आता वाचलंच की दादाने."

"मी मागितलं नव्हतं."

"मागायची वेळ येऊ नये म्हणूनच तर."

सूनबाईला ते आवडलं नाही. का, ते तिला लगेच कळेना. पैसे नको होते असं नाही; दोघांना स्वतंत्र बिऱ्हाड करायचं होतं, त्यासाठी ते हवेच होते. पण मोजणीबाईंच्या आवाजात, जाणाऱ्या पाहुण्याला थांबवताना असतो तो आग्रह होता. दोन वर्षं इथे घाम गाळला, आणि अजून आपण पाहुणेच?

"तुम्हाला वाटतंय मी सोडून चाललेय," ती म्हणाली.

नकाशेवाले पेन्सिलीला टोक करायला लागले. ती आधीच टोकदार होती.

"बाबा?"

"मला काही विचारू नकोस. मी नकाशे काढतो."

"त्या काचेच्या इमारतीतून फोन आला होता," मोजणीबाई म्हणाल्या. "खाजगी. कचेरीतल्या बाईंसाठी. आता मी नव्हे म्हणाला, तर राहिलं कोण?"

"मला कुणाचा फोन आला नाही."

"हिला आला असता तर मला कळलं असतं," दांड्या म्हणाला. क्षणभरापूर्वी तो बायकोच्या विरुद्ध होता. आता उठून तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. "आत्या, तू हिच्यावर संशय घेतेस? सारखं पाकीट म्हणजे सारखं पाकीट. चार माणसं, चार पाकिटं. सरासरीही तीच, वरचं-खालचं टोकही तेच. भांडण कशाला?"

"चार?" सूनबाई म्हणाली.

"हो. तू, मी, बाबा, आत्या."

"आपण पाच आहोत."

बाहेरच्या खोलीत वहिनी फोनवर बोलत होती. तिचा आवाज दारातून स्वच्छ ऐकू येत होता: "अहो काका, भिंत तुमचीच आहे. पण झाड त्यांचं आहे. आणि सावली दोघांची. मग आता भांडण नेमकं कशाचं उरलं, ते मला सांगा बघू."

वहिनी म्हणजे नकाशेवाल्यांची बायको, दांड्याची आई. पण तिला सगळेच वहिनी म्हणत. नणंद म्हणे, गिऱ्हाइकं म्हणत, टपाल आणणारा म्हणे. लग्न होऊन आली त्याच महिन्यात तिने बाहेरच्या खोलीतला फोन घेतला होता, तो आजतागायत खाली ठेवला नव्हता असं नकाशेवाले म्हणायचे. सासरे म्हणाले होते, "नवऱ्याचं पाकीट म्हणजे दोघांचंच की." त्यावर तेव्हा कुणी वेगळा विचार केला नाही, आणि नंतर तर तो विषयच राहिला नाही. दर शनिवारी बँकेतून पैसे आणून पाकिटं भरायची तीच.

तिला वाईट कधी वाटलं होतं? एकदाच. सूनबाईचं पहिलं पाकीट भरून, चिकटवून, त्यावर तिचं नाव लिहिताना. मुलीवर राग नव्हता. उलट अक्षर चांगलं काढलं होतं. पण पाकीट ठेवल्यावर ती उगाचच खिडकी पुसत बसली होती. खिडकी स्वच्छच होती.

भिंत, झाड आणि सावली यांचा निवाडा करून तिने फोन ठेवला. आतलं सगळं तिने ऐकलं होतं. पदर, केस, काहीच सारखं न करता ती दारात येऊन उभी राहिली.

"तो फोन माझ्यासाठी होता," ती म्हणाली.

दांड्याने विचारलं, "आई, तुला? कशाला?"

"कामाला." वहिनीला हसू आवरत नव्हतं. "त्या व्यवस्थापकाची जागा आपण मोजली होती ना? रोज फोन करून ओरडायचा. मी रोज ऐकून घ्यायचे आणि रोज एक काम त्याच्याच गळ्यात घालायचे. हा कागद आणा, तो शेजारी बोलावा. शेवटी ओरडायचं विसरला. आता म्हणतो, आमच्याकडे पन्नास हुशार माणसं आहेत आणि गिऱ्हाइकाशी बोलता एकालाही येत नाही. गिऱ्हाइकांचा विभाग सांभाळा म्हणतो. बुधवारी परत फोन आला. मी सोमवारपर्यंत वेळ मागून घेतलाय."

"आणि देणार काय?" हे नकाशेवाल्यांनी विचारलं.

वहिनीने वर्तमानपत्रावर बोट ठेवलं. "बरोबर हेच. आकड्याला आकडा."

नकाशेवाल्यांनी आकड्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग पुन्हा आकड्याकडे. मनात जे चाललं होतं ते त्यांना स्वतःलाच नीट उमगत नव्हतं. एक बोच होती खरी: आपल्या दुप्पट. पण तिच्या मागोमाग दुसरंच काहीतरी वर येत होतं. लग्नात कुणीतरी नवरीचं गाणं चांगलं म्हणालं तेव्हा, जणू आपणच गायलो अशी मान ताठ झाली होती, तसलं काहीतरी.

"माझं पाकीट म्हणजे दोघांचं होतं," ते सावकाश म्हणाले. "मग तुझंही दोघांचंच ना?"

"बघू," वहिनी म्हणाली. "वागणूक कशी राहते त्यावर."

सूनबाई खुर्चीतून उठून तिच्या गळ्यात पडली. दांड्या टाळ्या पिटायला लागला, आणि आत्याकडे लक्ष जाताच थांबला. मोजणीबाई मागच्या खोलीत निघून गेल्या होत्या.

मागची खोली सामानाची. साखळ्या, खुंट्या, जुनी पितळी दुर्बीण, रंगीत निशाणांचे गठ्ठे. वहिनी आत गेली तेव्हा मोजणीबाई एका खोक्यावर बसून बुटाची माती काढत होत्या.

"वन्सं, रुसलात?" वहिनी असं फक्त चिडवायला म्हणायची.

"वहिनी, तू गेलीस तर फोन कोण घेणार?"

"बघा. माझी आठवण पहिली फोनला आली."

"थट्टा करू नकोस." मोजणीबाईंनी बूट खाली ठेवला. "मी आता बसून आठवत होते. कितीतरी गिऱ्हाइकं अशी आहेत, ज्यांनी माझं तोंडही पाहिलेलं नाही. ती मोजणी करून घ्यायला येत नाहीत. तुझ्याशी बोलायला येतात, आणि आलोच आहोत तर जमीन मोजून घेतात."

"इतकंही काही नाही."

"आहे. आणि मी चार दिवस पोरीच्या पाकिटाचा घोळ घालत बसले. तुझं पाकीटच नाही हे माझ्या डोक्यात आलं नाही. मोजणीबाई म्हणतात मला!" त्या उठल्या. "पाचवं पाकीट. आजपासून. मागचंही देईन, हप्त्याहप्त्याने."

"मागचं द्यायला लागलात तर कचेरी विकावी लागेल. मग मी परत येऊ कुठे?"

मोजणीबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "म्हणजे तुझं जायचं ठरलंय."

"ठरलंय," वहिनी म्हणाली. आता ती हसत नव्हती. "पैशांसाठी म्हणाल, तर हो, पैशांसाठीच. पण नुसत्या पैशांसाठी नाही. तो माणूस फोनवर म्हणाला, 'तुम्हाला हे काम येतं.' मी म्हटलं, कोणतं काम? मला वाटत होतं मी नुसती मदत करते. एवढी वर्षं मला माहीतच नव्हतं की याला काम म्हणतात."

बाहेर दांड्या आणि सूनबाई कुजबुजत होते. दाराला कान लावण्यावरून त्यांच्यात ढकलाढकली चालली असावी; दार हलत होतं.

"आमची गिऱ्हाइकं नेशील."

"मी बोलावणार नाही. आपणहून आली तर हाकलणारही नाही."

"चोख बोललीस," मोजणीबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत, जमिनीचा भाव ठरवताना येते ती चमक आली. "आणि देतात किती म्हणालीस? वर्तमानपत्रातला आकडा?"

"तोच."

"कमी आहे."

"काय?"

"अगं, सरासरी आहे ती! अर्धा दिवस घड्याळाकडे बघणारा सल्लागारही त्यात धरलाय. तू सरासरी आहेस? त्या माणसाने कुठेतरी आकडा पाहिला आणि तुझ्या हातावर ठेवला. तूही हो म्हणायला निघालीस. चल बाहेर. लाव फोन."

"आत्ता? शनिवारी?"

"असली माणसं शनिवारीच हाती लागतात. सोमवारी ती बैठकीत असतात."

त्यांनी दार उघडलं तशी दांड्या आणि सूनबाई जवळजवळ आतच पडली. मोजणीबाई त्यांना ओलांडून बाहेरच्या खोलीत गेल्या, वहिनीला तिच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. नकाशेवालेही पेन्सिल कानावर ठेवून आले.

व्यवस्थापक लगेच सापडला. वहिनीने नमस्कार-चमत्कार केले, हवापाण्याचं विचारलं, त्याच्या शेजाऱ्याच्या कुत्र्याचं विचारलं. मग गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही म्हणालात त्या पगाराबद्दल आमच्या बाईंना एक शंका आहे," आणि फोन नणंदेच्या हाती दिला.

"नमस्कार," मोजणीबाई म्हणाल्या. "मंगळवारी तुम्ही 'तुम्ही नाही' म्हणालात ना, तीच मी." पलीकडून बराच वेळ माफी चालली असावी. "असू द्या. तुम्ही हिच्याबद्दल कुणाकडे चौकशी केलीत? नाही? मग माझ्याकडे करा. हो, आत्ताच. ही काम कसं करते विचारा... सांगते. सामायिक भिंतीवरून कोर्टात चाललेले दोन साडू हिने फोनवरून समेटाला आणले, आणि दोघांकडून मोजणीची फी आगाऊ घेतली. तुमच्या पन्नास माणसांतल्या किती जणांना जमतं हे?... नाही ना? मग पन्नासांच्या सरासरीवर हिला का बोलावता?"

नकाशेवाल्यांनी भिंतीचा आधार घेतला. सूनबाईने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

"मला? मला ती जायलाच नको आहे," मोजणीबाई पुढे म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणालात तर मी पेढे वाटीन. बोला." त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी एक भुवई वर केली, टेबलावरच्या कागदावर एक आकडा लिहिला आणि वहिनीपुढे सरकवला.

वहिनीने आकडा वाचला आणि खुर्चीचे हात घट्ट धरले. मग तिने पेन घेतलं, नणंदेच्या आकड्याखाली लिहिलं: 'शनिवारी सुट्टी.'

"आणि शनिवारी सुट्टी," मोजणीबाई फोनमध्ये म्हणाल्या. "त्या दिवशी इथे ही लागेल आम्हाला."

फोन ठेवल्यावर खोलीत जो काही गलका झाला, त्यात कोण काय म्हणालं ते नंतर कुणालाच सांगता आलं नाही. दांड्याने आईला खुर्चीसकट उचलायचा प्रयत्न केला आणि खुर्चीचा पाय मोडला. मोजणीबाईंनी त्याच दुपारी नवा नियम सांगितला: कामाप्रमाणे पाकीट, आणि कुणाला किती ते सगळ्यांसमोर, मोठ्याने. सूनबाईला दीडपट मिळालं. दांड्या "चालेल" म्हणाला. खुर्चीच्या दुरुस्तीचे पैसे मात्र त्याच्यातून कापले गेले. पाचवं पाकीटही भरलं गेलं. वहिनीने ते स्वतः भरलं नाही, हट्टाने नणंदेला भरायला लावलं, आणि मोजणीबाईंना पाकीट नीट चिकटवता येत नाही हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

सोमवारी सकाळी नकाशेवाले बायकोबरोबर निघाले. तशी गरज नव्हती. इमारत चौकातच होती. वाटेत ती फारसं बोलली नाही. रस्ता ओलांडताना तिने त्यांचा हात धरला आणि पलीकडे गेल्यावर सोडायचं विसरली.

काचेच्या दारापाशी पहारेकरी उभा होता. "कुणाला भेटायचंय?"

"कुणाला नाही," वहिनी म्हणाली. "मी इथे कामाला आहे."

पहारेकऱ्याने दार उघडलं. ती आत गेली. काचेतून ती बराच वेळ दिसत राहिली: टेबलापलीकडच्या मुलीशी काहीतरी बोलली, ती मुलगी हसली, मग दोघी हसल्या, मग लिफ्टचं दार बंद झालं.

नकाशेवाले फुटपाथवरच उभे होते.

"आणि तुमचं काय काम होतं, साहेब?" पहारेकऱ्याने विचारलं.

"काही नाही. बायकोला कामावर सोडायला आलो होतो."

हे वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदाच उच्चारलं होतं, आणि ते त्यांना फार आवडलं. परतताना कोपऱ्यावरच्या वर्तमानपत्रवाल्याने काही विचारलं नव्हतं, तरी त्यांनी थांबून त्यालाही सांगितलं.